पेट्रोलची नळी

आमचं घराणं मुळात कल्हईवाल्यांचं. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, भाता, कथलाची कांडी आणि नवसागराची पुडी पोत्यात बांधून कामेरी, नेर्ले, कासेगाव, बोरगाव अशी गावं पायी करायचे. एखाद्या वाड्याच्या दारात खड्डा काढून भट्टी पेटवायची, तापलेल्या पातेल्यात नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर उठला की कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं एका हातासरशी पुसून घ्यायचं. पुढं घरोघर स्टीलची भांडी आली आणि कल्हई बसली. दादांनी स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्तीला घेतल्या. अब्बा स्टोव्हवरून मोटारीवर गेले. आज आम्ही दोघे भाऊ पेठ-सांगली रस्त्याला, इस्लामपूरच्या हद्दीत, गॅरेज चालवतो. (२०२५ च्या जुलैत सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. आमच्या बिलबुकावर जुनंच छापलेलं आहे आणि पानं संपेपर्यंत तेच चालेल.) लिहायचं काम धाकट्याकडे आणि वाचून चुका काढायचं थोरल्याकडे, म्हणून हे सगळं ‘आम्ही’.

गोष्ट २०२२ च्या रमजानमधली. एप्रिलचा महिना, कामाची गर्दी, पोटात पाणी नाही. दुपारी एका ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधून एक गाडी दारात आली. गाडी म्हणावं की नाही असा पहिला प्रश्न पडला. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पत्र्याचं नाक, स्कूटरचे दिवे, दोन सीटा वेगवेगळ्या रंगांच्या. सोबत आयटीआय झालेला विशीतला पोरगा. नदीकडच्या एका गावातला, घरचा ऊस. आम्हाला म्हणाला, “चाचा, समदं जमलंय, पर पेट्रोलचा वास लई येतुया.”

पोरानं हे वेड घेतलं ते देवराष्ट्र्याच्या बातमीवरून. वाचकांना आठवत असेल. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आमच्याकडून ताकारीवरून गेलं तर फार लांब नाही. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून मुलाच्या हौसेखातर चारचाकी उभी केली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. साठेक हजार खर्च आल्याचं तेव्हा छापून आलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी ती पाहिली, बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये खरोखर दिली. त्या दोन महिन्यांत आमच्या भागातल्या किती गोठ्यांत वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, ते आम्ही गॅरेजवाले जाणतो. बहुतेक सांगाडे अजून गोठ्यातच आहेत. हा पोरगा मात्र चाकावर उभा राहिला होता.

गाडी घरी जोडायची हौस आपल्याकडचीच आहे असं नाही. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली, ती सुट्या भागांच्या पेटीतही मिळायची. तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागायचा, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका द्यायची आणि लोक ती उलटी वाचायचे, असं सांगतात. पण त्या पेटीत प्रत्येक नळी कुठल्या पाईपवर बसते हे कुणीतरी आधी ठरवलेलं असायचं. आमच्या पोराची पेटी म्हणजे सांगलीचं भंगार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बुडालेली एक मारुती ८०० त्यानं घेतली होती. वायरिंग गेलेलं, इंजिन मात्र शाबूत.

आम्ही गाडीखाली शिरलो. पोरानं टाकीपासून इंजिनपर्यंत फ्रिजची तांब्याची नळी ओढली होती, आणि दोन्ही टोकांना गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी. त्यावर तार पिळून आवळलेली. लेव्हलची नळी पाण्यासाठी असते. पेट्रोल तिच्यातला मऊपणा शोषून घेतं. चार दिवसांत ती हाडासारखी कडक होते, आकसते, आणि तारेखालून पाझरायला लागते. वास त्याचाच होता.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढची चूक कळणार नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि सुरू झालं की डुलतं. चासी डुलत नाही. दोघांमध्ये टाकीपासून इंजिनपर्यंत एकच धातूचा पाईप टाकला तर तो रोज थोडा थोडा वाकतो. तांब्याला हे अजिबात सोसत नाही. हादऱ्यानं ते कडक होत जातं आणि एक दिवस गळ्याशी चीर पडते. शिवाय तांब्याच्या संगतीनं पेट्रोलमध्ये चिकटा लवकर धरतो. म्हणून चासीच्या कडेनं पोलादी बंडी पाईप, दर वीत-दीड वीत अंतरावर क्लिपनं बांधलेला, आणि इंजिनपाशी वीतभर रबरी नळी. डुलायचं ते नळीनं डुलायचं. सगळा भार येतो तो ताठ पाईप आणि मऊ नळी जिथं भेटतात त्या दोन बोटांच्या जागेवर.

त्या जागेचं सारं गुपित पाईपच्या टोकाशी असतं. कंपनीच्या कुठल्याही गाडीचा पेट्रोलचा पाईप पाहा, टोकाच्या जरा मागं एक गोल फुगवटा असतो, मिलिमीटरभर उंचीचा. अब्बा त्याला ‘कडं’ म्हणत. नळी त्या कड्यावरून जोर लावून पुढं सरकवायची, कडं ओलांडून इंचभर आत जाऊ द्यायची आणि क्लिप कड्याच्या पलीकडं, नळीच्या आतल्या बाजूला आवळायची. मग नळी निसटायला निघाली तरी क्लिप कड्याला अडकते. क्लिप कड्यावरच बसवली तर ती घसरते. कडंच नसेल तर नळी नुसत्या आवळण्यावर उभी असते.

पोरानं लांबी जुळवायला जुन्या ८०० चा बंडी पाईप हॅक्सॉनं कापला होता आणि कड्याचं टोक भंगारात गेलं होतं. तांब्याची नळी आम्ही काढून टाकली. बंडी पाईप होता तोच पुन्हा बसवला. कापलेलं तोंड कानशीनं साफ केलं, बाजारातली नवी काळी पेट्रोलची नळी घातली, पेचाची क्लिप आवळली. स्टार्टर मारला, पाच मिनिटं इंजिन चालवलं, कुठं थेंब नाही. असरची वेळ झाली होती. चारशे रुपये घेतले आणि पोराला लावून दिलं.

अब्बा असते तर गाडी दारातून हलली नसती. १९८० च्या दशकात एका जीपची नळी फिल्टरवरून निसटली आणि अब्बांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं वाचली, पण करंगळी कायमची वाकडी राहिली. त्यानंतर अब्बांनी एक सवय लावून घेतली. नळी बसवली, क्लिप आवळली की दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन खेचायची. आम्हाला शिकवतानाही तेच. काम झालं म्हणून आम्ही हात पुसायला लागलो की मागून आवाज यायचा, “खेचको देख!” खेचून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी बॉनेट लावू दिलं नाही. २०११ साली अब्बा पैगंबरवासी झाले. आम्ही खेचणं कधी सोडलं, ते आम्हाला सांगता येणार नाही. बहुधा एका दिवसात सोडलं नसावं.

ईद होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी पोराचे वडील आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते आम्हाला मिस्त्री. आमच्या दादांनी त्यांच्या आजीची भांडी कल्हई केलेली, एवढी जुनी ओळख. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. पोरगा धाकट्या बहिणीला शेजारी बसवून बांधावरून गाडी फिरवत होता. इंजिन एकदम बंद पडलं, खालून फुस्स असा आवाज झाला आणि पुढून जाळ आला. पोरीनं उडी मारली. तिच्या फ्रॉकची किनार तेवढी जळली. पोराच्या हातावर फोड आले. उसाला पाणी चालू होतं म्हणून पाटातला चिखल हाताला लागला, तो फावड्यानं टाकून आग विझवली. पाणी ओतलं असतं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत उसात गेलं असतं.

हे सांगून झाल्यावर अण्णा गप्प राहिले. मग म्हणाले, “मिस्त्री, तुमी बघितलं हुतं न्हवं?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. आम्ही गल्ल्यातून चारशे रुपये काढून पुढं केले. त्यांनी ते टेबलावरच ठेवले. म्हणाले, “पैशाचं न्हाई वो,” आणि “गाडी भंगारात घालतो,” असं सांगून निघून गेले. त्या रात्री आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. थोरल्याचं मत की क्लिप धाकट्यानं आवळली होती. धाकट्याचं मत की वेळ नाही म्हणून घाई थोरल्यानं केली होती. दोन्ही खरं होतं.

आठ दिवसांनी पोरगा एकटाच आला. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ती नळी आणि क्लिप. “कुटं चुकलं त्येवढं सांगा,” म्हणाला. आम्ही नळी उजेडात धरली. इंजिनकडचं टोक करपलं होतं, पण पाईपकडचं टोक धड होतं. फाटलेलं नव्हतं, फुटलेलं नव्हतं. क्लिपचा वळ एकाच जागी गोल उमटलेला, आणि तिथून टोकापर्यंत आतलं रबर घासून गुळगुळीत झालेलं. नळी फुटली नव्हती. रोज थोडी थोडी सरकत शेवटी बाहेर आली होती.

मग आम्हाला आमची दुसरी चूक दिसली. आम्ही वाढलो कार्ब्युरेटरवर. कार्ब्युरेटरच्या पंपाचं प्रेशर पाव किलोच्या आसपास, तिथं नुसती आवळलेली नळीही वर्षानुवर्षं निभते. पण पोराचं इंजिन २००० नंतरच्या इंजेक्शनवाल्या ८०० चं. तिथं टाकीतला विजेचा पंप अडीच-तीन किलोनं पेट्रोल रेटतो. इंजिन ओळखीचं म्हणून हात जुन्याच सवयीनं चालले. आणि आग लागायचं कारण तर वायरिंगमध्ये होतं. कंपनीच्या गाडीत इंजिन बंद पडलं की त्याचा कॉम्प्युटर पंपही बंद करतो. पोरानं पंपाला थेट बटण दिलं होतं. नळी निसटली, इंजिन मेलं, पण पंप तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पेट्रोल ओतत राहिला. ते बटण आम्ही पाहिलं होतं. वासासाठी आलेल्या गाडीचं वायरिंग कोण बघतो, असं तेव्हा वाटलं होतं.

गाडी परत आली. अण्णांना न विचारता आणली की विचारून, हे आम्ही पोराला विचारलं नाही. पैसे घ्यायचे नाहीत एवढं ठरलं.

या वेळी बंडी पाईप नवाच घेतला. हॅक्सॉला हात लावला नाही, पाईप-कटर फिरवून कापला. हॅक्सॉचा कीस आत राहतो आणि थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतो. कडं काढायला ब्रेक-पाईपचं फ्लेअरिंग टूल वापरलं. त्यात पाईपचं तोंड दोन टप्प्यांत दुमडतात. पहिल्या टप्प्यावर पाईपच्या तोंडाशी एक गोल फुगवटा येतो. तिथंच थांबायचं, दुसरा टप्पा करायचा नाही. तो फुगवटा म्हणजेच आपलं कडं. चार तुकडे वाया गेले तेव्हा पाचवा मनासारखा आला. कानशीनं त्याची धार मारली, नाहीतर तीच नळी आतून कापते.

नळीसाठी एकानं कोल्हापूर गाठलं. नळीच्या अंगावर बारीक अक्षरं छापलेली असतात. ती वाचायची सवय आम्हाला या प्रकरणानं लावली. एसएई ३० आर ७ म्हणजे पन्नास पौंडांपर्यंतची नळी, आर ९ म्हणजे इंजेक्शनची, शंभर पौंडांची. तीन किलो म्हणजे त्रेचाळीस पौंड. आर ७ कागदावर पुरते, पण अगदी काठावर. शिवाय आर ९ च्या आत फ्लोरो-रबराचं अस्तर असतं, ते इथेनॉललाही दाद देत नाही. आपल्या राज्यात पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला २००३ साली सुरुवात झाली. २०२२ मध्ये ते देशभर दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस. या इथेनॉलनं जुन्या साध्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, पुढं चिरतात. आमच्या नळीचं पंधरा दिवसांत तसं काही झालं असेल असं आम्ही म्हणणार नाही, दोष तिथं ढकलायचा नाही. पण अलीकडे जुन्या ८०० आणि ओम्नी आल्या की आम्ही आधी नळ्या दाबून बघतो. आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यात जातो, डिस्टिलरीतून इथेनॉल होऊन पंपावर येतो आणि आपल्याच गाडीची नळी खातो.

क्लिपही बदलली. पेचाच्या क्लिपला खाचा असतात, जास्त आवळलं की त्या रबरात घुसतात आणि कमी आवळलं तर उपयोग नाही. इंजेक्शनच्या क्लिपच्या कडा बाहेर वळवलेल्या असतात आणि छोट्या बोल्टनं ती सगळीकडून सारखी बसते. दिसायला साधी, किमतीला चौपट. नळीला साबणाचं पाणी लावून कड्यावरून सरकवली. तेल लावायचं नाही, तेल राहतं आणि नळी घसरती ठेवतं. पंपाचं बटण काढलं आणि इंजिन बंद पडलं की पंपाची वीज तोडेल असा रिले बसवला. हे काम शेजारच्या ऑटो-इलेक्ट्रिशियननं केलं. त्यानंही पैसे घेतले नाहीत, कारण विचारलं नाही.

परतीच्या लाईनला अडचण आली. वापरून उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी ही लाईन. टाकीची मूळ तोटी तुटलेली होती आणि पोरानं तिथं आटे पाडून सरळ पितळी निप्पल बसवली होती, तीही बिनकड्याची. टाकीपाशी आच न्यायची नाही, रिकाम्या टाकीपाशी तर मुळीच नाही. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते. निप्पल सोडवून बाहेर काढली, धुऊन बाजूला घेतली. ती इतकी आखूड की टूलमध्ये धरवेना. तेव्हा थोरल्याला अब्बांचा बिस्किटाचा डबा आठवला. त्यात पितळी ऑलिव्ह होत्या, स्टोव्हच्या नळ्यांच्या काळातल्या. मधोमध फुगीर अशा छोट्या अंगठ्या. एक निप्पलवर बरोबर बसली. तिला डाख द्यायला कथील काढलं. नवसागर मात्र बाजारातून आणला, आमच्याकडचा दादांच्या वेळचा केव्हाच पाणी सुटून गेला होता. निप्पल तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला आणि कथील ऑलिव्हच्या खालून आपोआप ओढलं गेलं. परतीच्या लाईनला प्रेशर नसतं, तिथं कथलाचा डाख चालतो. तीन किलोच्या लाईनवर आम्ही तो दिला नसता. नंतर सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुतली, कारण नवसागर मागं राहिला तर धातू खातो. पोरगा बाजूला उभा राहून बघत होता. तो धूर त्यानं पहिल्यांदाच पाहिला. आमच्या घरातल्या लहान मुलांनीही पहिल्यांदाच.

अशा गाडीला आरटीओचा नंबर मिळत नाही, हेही पोराला बसवून सांगितलं. नव्या बनावटीच्या गाडीचा नमुना मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ते कुणा एकट्याच्या खिशाचं काम नाही. त्यामुळं गाडी बांधावर आणि शेताच्या वाटेवर, डांबरी रस्त्याला नाही. पुढच्या पत्र्याआड एक छोटा अग्निशामक सिलिंडर आम्ही आमच्याकडून बसवला.

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली. निघताना इंजिन चालवून लाईन भरून घेतली आणि दोन्ही जोडांखाली जुना पेपर अंथरला. पेट्रोल उडून जातं, पण पेपरवर डाग राहतो. फज्रनंतर थोरला थेट गॅरेजवर गेला. पेपर कोरडा होता. मग आम्ही दोघांनी आळीपाळीनं नळी खेचून पाहिली. धाकट्यानं दोनदा.

नऊच्या सुमाराला पोरगा आला, मागोमाग मोटारसायकलवरून अण्णा. मोटारसायकल उभी करून ते सरळ गाडीपाशी आले. आम्ही काय काय केलं ते सांगायला सुरुवात केली, कडं, क्लिप, रिले. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. मग धोतर गुडघ्यापर्यंत सावरून खाली बसले, हात आत घालून नळी मुठीत धरली आणि बैलाचं वेसण ओढावं तशी खेचली. नळी जागची हलली नाही. पुन्हा एकदा खेचली. कपाळावर घाम आला.

“आन् ती परतीची म्हंता ती कंची?” असं म्हणून ते दुसऱ्या बाजूला सरकले.